कापसाचा नवरा, हळदीची नवरी

आमच्या घरात दोन देव राहतात, असं मी चेष्टेनं म्हणायची. एक वरचा आणि एक ह्यांच्या खिशातला. खिशातला म्हणजे घड्याळ. आमचे हे रेल्वेत गार्ड होते. धामणगावला रिटायर झाले, पण शिटी आणि झेंडी काही सुटली नाही. भाताला जरा उशीर झाला की माझ्याकडे असे बघायचे, जणू मी मागच्या स्टेशनात गाडी अडकवून ठेवलीय.

अशा माणसाच्या मुलीचं लग्न. साल एकसष्ट, जानेवारी महिना. आमची एकुलती एक सलोमी गावातल्या दवाखान्यात नर्स होती. नवरा मुलगा शांतवन, अकोल्याला शाळामास्तर. दोघांनी एकमेकांना तीनदा पाहिलं होतं आणि चौथ्यांदा पाहायची दोघांना इतकी घाई होती की मलाच लाज वाटायची.

लग्न दुपारी चारला, आमच्या छोट्या देवळात. ख्रिस्ती लग्नाला कायद्याची एक मेख असते. संध्याकाळी सातनंतर पाळकाला लग्न लावता येत नाही. चारचं लग्न सातपर्यंत लांबतंय कशाला, म्हणून कोणी काळजी केली नव्हती.

दुपारच्या पॅसेंजरनं वऱ्हाड आलं. हे हिरवी झेंडी घेऊन फलाटावर हजर. विहीणबाई उतरल्या, करवल्या उतरल्या, ट्रंका उतरल्या. नवरदेव काही उतरेना.

"तो बडनेऱ्याले उतरला," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्या डब्यात एक म्हातारा चुकून बसला होता. नातू पाहाले अमरावतीले जाऊन राहिला होता, अन् त्याले धड दिसत नाही. शांतवन म्हने, त्याले अमरावतीच्या गाडीत बसवून देतो अन् येतो."

"मंग?" ह्यांनी विचारलं.

"मंग बसवता बसवता ते गाडीच सुटली. याले घेऊन."

एवढं सांगून विहीणबाई चक्क हसल्या. "तो असाच आहे बाप्पा. येईन."

ह्यांचा पारा असा चढला की मी पदराआड गेले. देवळाच्या अंगणात सगळ्या पाहुण्यांसमोर ह्यांनी जाहीर केलं, "सातच्या आत आला तर जावई. नाही तर लग्न मोडलं. दुसरी तारीख भेटनार नाही." हा माणूस बोलला की बोलला. नोकरीत कधी दिलेली झेंडी मागे घेतली नाही. घरी सलोमीला हे कळलं. ती नुसती खिडकीतून रस्त्याकडे बघत बसली. पोरीचं ते बसणं मला बघवेना.

त्यात शेजारच्या जमुनाबाईंचं सकाळपासून वेगळंच चाललेलं. त्या शेतकरी घरातल्या, एकट्या, म्हाताऱ्या. आमची भिंतीला भिंत. सलोमीवर त्यांचा भारी जीव. तिच्यासाठी शेतातून हरभरा यायचा, तुरीच्या शेंगा यायच्या. फक्त आमच्या घरचं पाणी त्या कधी प्यायल्या नाहीत. त्यांच्या वळणात ते बसत नव्हतं, आणि आम्हीही कधी विषय काढला नाही. तर लग्नाची पांढरी साडी बघून त्या मला म्हणाल्या होत्या, "पांढऱ्यात कोनी नवरी पाठवते का व? तुमच्यात कोनी मेलं का?" आमच्यात अशीच पद्धत असते, हे मी दोनदा सांगितलं. त्यांना पटलं नाही.

चार वाजले, पाच वाजले. पाहुण्यांनी देवळाच्या ओसरीवरचा माठ रिकामा केला. पाळकसाहेब आपला उपदेशाचा कागदांचा गठ्ठा मनातल्या मनात वाचत बसले. विषय, शेजाऱ्यावर प्रीती. माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्या उपदेशात पोरं झोपून उठायची.

अंधार पडला आणि देवळापुढे ट्रकचा हॉर्न वाजला. कापसानं भरलेला ट्रक, आणि कापसाच्या ढिगावर नवरदेव. काळा कोट पांढरा, केस पांढरे, भुवयासुद्धा पांढऱ्या. शेजारी तोच म्हातारा, बुधाजी त्याचं नाव.

"नातू पाह्यला," बुधाजी वरूनच म्हणाला. "म्हटलं, आता लग्नही पाहू."

ट्रक चालवणारा धर्मपाल हा बुधाजीचा मुलगा. तो ह्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "गार्डसाहेब, माह्या बापाले त्यानं घरापर्यंत हात धरून आनलं. मंग मी काय माल उतरवत बसू? जसा होता तसा ट्रक काढला."

ह्यांनी घड्याळ बघितलं. वेळ होता. "बरं," हे म्हणाले, आणि ह्यांच्या तोंडून तेवढं निघणं म्हणजे आरतीच. "जा, नवरीले आन."

आमचं घर दोन गल्ल्या पलीकडे. मी साडी सावरत धावले. मागचं दार उघडं, आणि नवरी गायब. बापाच्या रागाला भिऊन पोरगी गेली की काय? तेवढ्यात भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला.

जमुनाबाईंच्या घरात स्टूल उलटं पडलेलं, ट्रंक उघडी, आणि जमिनीवर जमुनाबाई. त्यांचा पाय सलोमीच्या मांडीवर. सलोमी त्यावर हळद-चुन्याचा गरम लेप लावत होती, आणि तो लेप कमरेपासून घोट्यापर्यंत साडीवर सांडला होता. कुठे पिवळा, कुठे लाल.

"माह्या लग्नातलं हिरवं लुगडं काढाले चढली होती," जमुनाबाई म्हणाल्या. "पोरीले पांढऱ्यात कशी जाऊ देऊ?"

"सलोमी, शांतवन आला."

पोरीचं तोंड असं उजळलं की काय सांगू. ती अर्धी उठली आणि परत बसली. "आई, हाड मोडलं असेल तर? घरात यांच्याजवळ कोणी नाही. यांना टाकून मी लग्नाला उभी राहू कशी?"

"जा व माय, माहं काय," जमुनाबाई म्हणाल्या, आणि तिचा हात काही सोडेनात.

एवढ्यात घड्याळ हातात घेऊन हे दारात. मी डोळे मिटले. मग वाटलं, डोळे काय मिटायचे. म्हटलं, "सांगा आता. ही गाडी कोन्या स्टेशनात थांबली?"

ह्यांनी घड्याळावरची नजर काढून जमुनाबाईंच्या पायाकडे बघितलं. मागून शांतवन आत आला. त्यानं सलोमीला बघितलं, तिनं त्याला बघितलं. एक कापसात, एक हळदीत. दोघं इतकी हसली की आम्ही तिथे आहोत हेच विसरली. मग तो जमुनाबाईंकडे पाठ करून उकिडवा बसला. "आजी, बसा पाठीवर. लग्नाले चला."

"बाप्पा, लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन, नवरदेवाले घोडा नाही भेटला, तर सोताच घोडा झाला."

जमुनाबाई हसत हसत चढल्या. सलोमीनं पाय सांभाळून धरला. आणि आमच्या ह्यांनी, खरं सांगते, खिशातून शिटी काढून वाजवली.

देवळात जमुनाबाईंना पहिल्या बाकावर बसवलं, पायाखाली कापसाचं गाठोडं. दिव्याच्या उजेडात त्यांनी सलोमीची साडी नीट बघितली. "आता दिसते नवरी," त्या म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी गठ्ठा काढला. हे उठले आणि ह्यांनी भर देवळात हिरवी झेंडी दाखवली. पाळकसाहेबांनी एकदा नवऱ्याचा कोट बघितला, नवरीची साडी बघितली, जमुनाबाई, बुधाजी, धर्मपाल, सगळ्यांवरून नजर फिरवली. गठ्ठा खिशात गेला. "उपदेश झालेला दिसतो," ते म्हणाले. "शपथा घेऊ."

तेवढ्यात जमुनाबाईंनी माझा पदर ओढला. "मानिक, घसा वाळला व. पानी दे."

मी घुटमळले. कोणाच्या घरचं आणू?

"पाह्यतं काय? तुह्या माठातलं दे."

मी उठायच्या आत हे उठले. ओसरीवरचा माठ रिकामा होता, तर हे घराकडे धावत सुटले. ह्या वयात, लग्नाच्या कोटात. इकडे शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या, पाळकसाहेबांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवले. लग्न लागल्याची घंटा वाजायला आणि हे आत यायला एकच गाठ. हातातल्या तांब्यातलं अर्धं पाणी कोटावर. घड्याळ कुठे होतं, देव जाणे.

जमुनाबाईंनी तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्यायल्या.

"झालं का?" हे धापा टाकत म्हणाले.

जमुनाबाईंनी तोंड पुसलं. "कवाच झालं. तुमीच लेट झाले, गार्डसाहेब."