व्हर्लीनने चव घेतली नाही

दानीएलच्या उपासात मांस चालत नाही, दूध-लोणी चालत नाही. साखर, कॉफी, मैद्याचा पाव, काही म्हणजे काही चालत नाही. थापा चालतात. मी आमच्या पाद्रीणबाईंना विचारून घेतलंय. तेव्हा निर्धास्त ऐका.

जानेवारी लागला की आमचं मिसिसिपीतलं अख्खं चर्च तीन आठवडे पालेभाज्या, कंद, फळं, शेंगा, दाणे आणि पाणी यांवर जगतं. बायबलातला दानीएल राजाच्या ताटातलं नाकारून भाजीपाल्यावर टवटवीत राहिला होता, म्हणून.

डीकन टॉलिव्हर चर्चच्या कारभाऱ्यांपैकी, पहिल्या बाकावर बसत. पण त्यांचं दुकान बार्बेक्यूचं, त्यामुळे उपास टाळायला त्यांचं धंद्याचं कारण कायम तयार. त्यांच्या भट्टीवर डुक्कर भाजायची सिस्टर व्हर्लीन; आमच्या चर्चमध्ये प्रत्येक बाई सिस्टरच. तिच्या आईला आणि थोरल्या बहिणीला रक्तदाबाने पन्नाशीतच नेलं होतं. त्या वर्षी व्हर्लीनही पन्नाशीला टेकली होती आणि डॉक्टरने तिलाही बजावलं होतं, म्हणून तिने उपास मनापासून धरला.

पहिल्याच दिवशी डीकननी तिच्यापुढे कॉलर्डच्या पालेभाजीचं वाडगं सरकवलं.

"घे. उपासाचं आहे."

व्हर्लीनने हुंगलं. "यात हॅमचं हाड शिजलंय."

"मग काढून घेतलंय की!"

"म्हणजे डुक्कर नुसतं आंघोळ करून गेलं?"

डीकनच्या मिशा थरथरल्या. "हे बघ सिस्टर, चव न घेणारी भट्टीवाली मला नको. बरगडी चाख, नाहीतर चिमटा खाली ठेव. तुझ्या जागेवर यायला गावात ढीगभर माणसं आहेत."

"ठेवणार नाही. उपास संपेपर्यंत मी नाकाने भाजते, चव तुम्ही घ्या. शेवटच्या शनिवारी दोघं शेजारी शेजारी उभे राहू. ज्याची तब्येत बरी, त्याचा चिमटा."

"आणि गिऱ्हाईक कुरकुरलं तर?"

"त्याच क्षणी ठेवते."

डीकननी हसत हसत हात मिळवला. बरगड्या चाखायचं काम आयतं चालून आलेलं, कोण सोडेल?

सुरुवातीला कॉफीवाचून व्हर्लीनचं डोकं असं ठणकायचं, की तो ठणका ऐकून गल्लीतली कुत्री भुंकायची. तरी ती भट्टीच्या राखेत रताळी पुरायची, कांदा-मिरचीत चवळी शिजवायची आणि त्या मांसाच्या धुरात उभी राहून तेच खायची. पुढे झोप लागू लागली. गुडघे गप्प झाले. नाक तर इतकं तेज झालं, की नदीपलीकडे कुणी अंड्यावर मीठ टाकलं की ही इथून ओरडायची, "पुरे!" गिऱ्हाईक कुरकुरलं नाही, उलट हाडं चोखत चोखत रांगेत परत उभं राहिलं.

डीकन मात्र इमानाने चाखत होते. सकाळी, दुपारी, भट्टी विझल्यावरही. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पायाचा अंगठा सुजला. किती, ते मी मोजलं नाही. पण नव्या बुटाचं माप घ्यायला आलेल्या चांभाराने तंबूवाल्याला बोलावून आणलं.

शनिवारी चर्चच्या नर्स मंडळातल्या सिस्टर ओपल पांढऱ्याशुभ्र गणवेशात यंत्र घेऊन थेट भट्टीपाशी आल्या. त्यांनी व्हर्लीनचा दाब मोजला. भुवया वर गेल्या. पुन्हा मोजला.

"डॉक्टरला दाखव, दाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस," त्या म्हणाल्या. "पण पोरी, असा चांगला आकडा तुझ्या आईच्या नशिबी कधी आला नव्हता."

मग डीकनचा मोजला. "आजपासून एक बरगडी तोंडात गेली, तर तुमच्या बायकोशी मी बोलेन," एवढंच त्या म्हणाल्या.

डीकन उपड्या बादलीवर पाय ठेवून बसले होते. "बरं बाई, जिंकलीस. चिमटा तुझा. उद्या उपास सुटतोय, आता तरी एक तुकडा चाख."

"उद्याही नाही. परवाही नाही."

"अगं, मग मी खायचं तरी काय?"

व्हर्लीनने राखेतलं रताळं काढलं, फुंकलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं.

"यावर लोणी?"

"नाही."

"चिमूटभर साखर?"

"नाही."

"मग उरलं काय?"

"तुम्ही उराल," व्हर्लीन म्हणाली आणि चिमटा वाजवत भट्टीकडे वळली.