टाकीचा हिरवा दिवा

"टाकी काठोकाठ अन् नळाला थेंब नाही! मग पाणी गेलं कुठं, वाफ होऊन?" सुतारीण नळाची चावी गरागरा फिरवत म्हणाली.

"वाफ कशाला होईल? ज्याच्या हाती पंप, त्याच्या घरी पाणी," शिंप्याच्या बायकोने रांगेतूनच टोला दिला. "आत्याच्या दारातली वांगी बघा कशी टवटवीत आहेत!"

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" आत्या रांग मोडून पुढे आली. "वांग्यांना मी भांडी धुतलेलं पाणी घालते. पहाटेपासून बटण दाबतेय, पंप उठतच नाही. वर चढून बघितलं, टाकी कोरडी ठणठणीत."

"दिवा तर पहाटेपासून हिरवाच आहे. कोरडी केली कुणी, एवढंच सांगा," सुतारीण म्हणाली.

या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि ज्या प्रश्नाला उत्तर नसते तोच गावाला निर्णायक वाटतो. चौकातल्या खांबावर हिरवा दिवा तेवत होता. हिरवा म्हणजे टाकी भरलेली; तांबडा म्हणजे रिकामी. पहाटे हिरवा, दुपारी तांबडा, असे थंडी पडल्यापासून रोज चालले होते. मधल्या वेळात पाणी कोणी तरी नेत असणार, आणि पंपघराची किल्ली आत्याच्या कमरेला होती. तर्कशास्त्राच्या पुस्तकात छापावे इतके निर्दोष अनुमान होते ते. पाया तेवढा खोटा होता.

समोरच्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून आत्याचा भाचा हे ऐकत होता. सगळे गाव तिला आत्या म्हणे; ती खरी आत्या त्याची एकट्याची. आईबापांमागे तिनेच त्याला वाढवले होते. बिघडलेले रेडिओ आणि मोबाइल दुरुस्त करतो म्हणून गाव त्याला 'रेडिओ' म्हणे. टाकीच्या झाकणाखालचे यंत्र त्याच्याच हातचे. बॅटरीवर चालणारा, पत्त्याच्या पानाएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे छोटा संगणक, आणि त्याला जोडलेला दोन डोळ्यांचा सेन्सर. एक डोळा माणसाला ऐकू न येणारी हाळी देई, दुसरा तिचा पाण्यावरून परतलेला प्रतिध्वनी टिपी. जायला-यायला लागलेल्या वेळावरून पाणी किती खाली आहे ते कळे. पाणी झाकणापाशी आले की दिवा हिरवा होई आणि बटण दाबूनही पंप चालू होत नसे. उन्हाळाभर एकदाही चूक झाली नव्हती. पाणी समितीच्या अध्यक्षांनी यंत्राचे उद्‌घाटन केले होते, हेडमास्तरांनी विज्ञानावर भाषण ठोकले होते, आणि वर्तमानपत्रात दोघांचा फोटो आला होता. रेडिओचे त्यात कोपर दिसत होते.

नळावरचे भांडण ऐकवेना, तसा तो शिडी चढून टाकीवर गेला. झाकण उचलले. आत तळाचे शेवाळी सिमेंट दिसत होते आणि सेन्सरच्या दोन्ही डोळ्यांवर दवाचे टपोरे थेंब लोंबत होते. त्याने खाली वाकून चौकाकडे पाहिले. दिवा हिरवा. सदऱ्याच्या टोकाने डोळे पुसले. दिवा तांबडा.

 

हे त्याला ठाऊक होते. घरी टेबलावर यंत्राची परीक्षा घेताना त्याने समोर भिंत ठेवली, ताट ठेवले आणि गंमत म्हणून गोधडी टांगली. गोधडीने आवाज गिळला, हाळी परतली नाही, आणि पडद्यावर शून्य उमटले. शून्य म्हणजे 'काही ऐकू आले नाही'. पण त्याच्या प्रोग्रॅमच्या लेखी शून्य अंतर म्हणजे पाणी अगदी नाकाशी. 'टाकीत गोधडी कोण वाळत घालणार?' असे म्हणून तो स्वतःशीच हसला होता आणि प्रोग्रॅममधली ती ओळ तशीच ठेवली होती. आता रोज पहाटे, पंपाची वीज असेपर्यंत, यंत्र बहिरे होई आणि बहिरेपणाला भरलेपण समजून पंप अडवी. ऊन चढून डोळे सुकत तोवर वीज गेलेली असे.

दुपारी शाळेच्या पडवीत पाणी समिती बसली; आत्यालाही बोलावले होते. रेडिओ यंत्र आणि खांबावरचा दिवा सोडवून घेऊनच गेला.

"दोष माझा आहे. आत्याचा काही संबंध नाही," तो म्हणाला.

"रक्ताचं नातं आहे, बाबा," अध्यक्ष मायेने म्हणाले. "तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो."

"अहो, दाखवतो ना!" त्याने सेन्सर भिंतीसमोर धरला. तांबडा. बोटाने डोळ्यांवर पाणी लावले. हिरवा. "बघा! भिंत चार हातांवर आहे अन् हे म्हणतंय टाकी भरली!"

 मग हेडमास्तर खाकरले. "जनावर तुझं, शिकवण तुझी. तुझ्या इशाऱ्यावर नाचणारच ते. तू जवळ नसताना जे बोलतं, ती खरी साक्ष."

माना डोलल्या. यंत्र चुकले असते तर फोटोतले दोघे चुकले असते. आत्या चुकली तर फक्त आत्या चुकत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर स्वतः दोर घेऊन आला होता आणि लोक त्याला घरी जा म्हणत होते. आत्याने कमरेची किल्ली सोडून सतरंजीवर ठेवली. अध्यक्षांनी ती उचलून रेडिओच्या हातात दिली.

वाटेत आत्याने विचारले, "कधी कळलं तुला?"

"आज सकाळी." चार पावले गेल्यावर तो थांबला. "नाही. टेबलावर होतं तेव्हाच."

तिने त्याच्याकडे पाहिले. रागावली असती तर बरे झाले असते.

"दुरुस्त होईल?"

"तासाभराचं काम. पण आत्या, उद्या नळाला पाणी आलं, तर लोक म्हणतील, ती गेली अन् पाणी आलं. मग तुझी चोरी कायमचीच शाबीत होईल."

"अन् नाही केलंस तर?"

"परसातली रोपं जातील सगळ्यांची, पाण्यावाचून."

"मग विचारतोस काय? रोपं काही माझ्या अब्रूवर जगत नाहीत. जा, काम कर."

त्याने ती ओळ बदलली. हाळी परतली नाही तर शून्य मानू नये, 'माहीत नाही' म्हणावे, पिवळा दिवा लावावा, पंप अडवू नये. त्या दिवसापासून 'मला माहीत नाही' असे म्हणणारे गावात ते यंत्र एकटेच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पिवळा दिवा लागला, पंप उठला आणि उजाडता उजाडता नळ भसाभसा वाहू लागले.

"बघा! किल्ली काढली अन् पाणी सुटलं!" सुतारीण म्हणाली.

"ताई, टाकी कधी भरलेलीच नव्हती हो," रेडिओ म्हणाला.

"बरं बाबा, नव्हती."

तेवढ्यात बादली घेऊन आत्या आली. "या, आत्या, पुढं या," शिंप्याची बायको म्हणाली, "सगळ्यांच्या आधी घ्यायची सवय तुम्हाला." आत्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. रेडिओने दुकानातली बादली आणली आणि तिच्या मागे उभा राहिला. तो रडत होता, ते गावाने पाहिले. एवढी चोरटी बाई, तरी भाचा सोडत नाही, असे म्हणत सगळ्यांनी त्याचे कौतुक केले.