काखेतले तीन टाके

मिस अर्नेस्टीनच्या डोळ्यांना दिसत नव्हतं, पण तिच्या बोटांना जे दिसायचं ते डोळसांना सात जन्मांत दिसलं नसतं! अलाबामातल्या त्या अंधांच्या शिवण-कारखान्यात ती बावीस वर्षं चर्चच्या गायकांचे झगे शिवत होती. गाणारा माणूस रंगात आला की हात वर करतोच, आणि झगा काखेत उसवतो. म्हणून ती तिथे तीन टाके मागे घेऊन मगच गाठ मारायची. ही तिच्या आईची युक्ती.

जानेवारीत झग्यांचा व्यापारी आला. परदेशात हाच झगा निम्म्या मजुरीत शिवून मिळतो, म्हणाला, आणि तिकडचा एक नमुना पुढे केला. मॅनेजर प्रूइटला घाम फुटला, पण त्याच्याकडे हुकमाचा एक्का होता. दोन्ही झगे अर्नेस्टीनच्या हातात द्या, म्हणाला, आमचा सरस ठरला तर काम इथेच ठेवा. ती कधी खोटं बोलत नाही हे व्यापाऱ्यालाही ठाऊक होतं; तो कबूल झाला.

शेजारच्या मशीनवरचा टॉलिव्हर कुजबुजला, "मिस अर्नेस्टीन, खरं बोलण्यातून आजच्या दिवस देवाकडून सुट्टी घ्या. चाळीस जणांचं पोट आहे."

पहिला झगा तिने चाचपला. आपलाच. दुसऱ्याच्या काखेपाशी मात्र बोटं थबकली. तीन टाके मागे, मग गाठ!

गेल्या वर्षी ह्याच व्यापाऱ्याने परदेशातून काही मुली काम बघायला आणल्या होत्या. हातचं राखू नका, सगळं शिकवा, असं प्रूइटनेच बजावलं होतं. त्यातल्या एका लाजाळू पोरीने दोन दिवस मान मोडून हा टाका गिरवला होता. अर्नेस्टीनने तिला घरचा मक्याचा कॉर्नब्रेडसुद्धा खाऊ घातला होता.

खोटं बोलायला तिने तोंड उघडलंही. पण ह्या शिवणीला नावं ठेवायची म्हणजे आईलाच नावं ठेवायची की!

"पोरीने माझ्याहून छान शिवलंय," ती म्हणाली. वर मान ताठ.

व्यापारी अगदी गहिवरला. इतकी खरी माणसं हल्ली मिळत नाहीत, म्हणाला, आणि काम परदेशी धाडलं.

"शिकवायचंच होतं," टॉलिव्हर म्हणाला, "तर जरा वाईट शिकवायचं."

महिनाभरात कारखान्याला कुलूप लागलं. अर्नेस्टीन ज्या चर्चमध्ये गायची, त्या चर्चने ईस्टरला गायकांसाठी नवे झगे घेतले. इतके स्वस्त पडले म्हणून पाद्रीबाबा खूश! अर्नेस्टीनने आपल्या वाट्याचा नवा झगा चढवला, हळूच काख चाचपली, आणि गाणं रंगात आल्यावर सगळ्यांत उंच हात तिनेच केला. शिवण जागची हलली नाही.