ताईची पाणबुडी

मी वाचनालयाचा बालविभाग सांभाळते. लोकांना वाटतं, म्हणजे मी दिवसभर मुलांना गोष्टी सांगत बसते. दिवसभर मी 'पळू नकोस' एवढंच सांगते. आणि ज्याला सांगायचं तो तोवर पळालेला असतो.

दर सुट्टीत आमच्याकडे 'कोरी कादंबरी' नावाचा कार्यक्रम असतो. किशोरांसाठी नव्याने निघालेल्या दोन कादंबऱ्या घ्यायच्या, मुलांचे दोन गट करायचे आणि प्रत्येक गटाला एकेक कादंबरी वाचायला द्यायची. शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न: हे पुस्तक तू मित्राला वाचायला देशील का? ज्या गटात जास्त हात वर, ते पुस्तक आमच्या सगळ्या शाखांत जातं आणि त्याच्या लेखकाला मुलांशी गप्पा मारायला बोलावतात.

या कार्यक्रमाचा एक नियम आहे आणि तो मीच केलाय. मुलांचं वाचून आणि गप्पा मारून होईपर्यंत मोठ्यांनी पुस्तक उघडायचं नाही. पूर्वी आम्ही आधी वाचायचो आणि यातून काय बोध घ्यायचा हे पोरांना सांगून मोकळे व्हायचो. पोरं तेवढा बोध तोंडपाठ म्हणून दाखवायची आणि पुस्तकाला हात लावायची नाहीत. म्हणून आता निवडसुद्धा मुलंच करतात. गेल्या वर्षीच्या गटातली मोठी मुलं दुकानात जाऊन पुस्तकं बघतात आणि दोन उचलून आणतात.

या वर्षी त्यांनी उचललेल्या दोनांत एक माझ्या ताईची कादंबरी निघाली. मी काहीही केलं नव्हतं, शपथेवर सांगते. मुलांना विचारलं, हीच का? तर म्हणे, मुखपृष्ठावर कुत्रा आहे. आत कुत्रा नाही, हे मला ताईनेच आधी सांगितलं होतं. त्या कुत्र्यावरून तिचं प्रकाशकाशी वाजलं होतं.

माझी ताई मुख्याध्यापिका होती. निवृत्त झालीय असं कागदोपत्री आहे. आई लवकर गेली, त्यामुळे मला तिनेच वाढवलं, आणि अजून वाढवतेच आहे. मी फोनवर शिंकले तरी ती कारण विचारते. निवृत्तीनंतर तिने दार लावून घेऊन कादंबरी लिहिली. मी विचारलं, कशाबद्दल आहे? म्हणाली, "छापून आल्यावर वाच." छापून आली तेवढ्यात मुलांनी ती उचलली आणि मला वाचायची बंदी झाली. ताई चिडली, पण नियम म्हटल्यावर तिला बोलता येईना. जन्मभर दुसऱ्यांना नियमावर गप्प केलेली बाई ती.

"एक सांगू?" ती फोनवर म्हणाली. "इतकी वर्षं पोरं माझ्या केबिनमध्ये आली ती पाठवली म्हणून आली. आपणहून एकही नाही. एका पोराने, एकाच गं, माझं पुस्तक कुणी न सांगता शेवटपर्यंत वाचावं. मग मी सुटले."

ताई असं बोलत नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पुस्तकं नुसतीच इकडची तिकडे ठेवत होते.

आता आमच्या बाइंडरकाकांबद्दल सांगायला हवं. नवं पुस्तक आलं की ते आधी काकांकडे जातं. पोरांच्या हातात साधं पुस्तक दोन दिवस टिकत नाही. काका पुस्तक सोडवतात, आतले फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, पुन्हा जाड दोऱ्याने शिवतात आणि वर पुठ्ठा चढवतात. त्यांनी शिवलेलं पुस्तक बैलाने ओढलं तरी उसवायचं नाही. या वर्षी दोन्ही कादंबऱ्यांच्या सगळ्या प्रती त्यांच्याकडे एकदमच गेल्या. मी वेळेवर परत मागितल्या, त्यांनी वेळेवर दिल्या. इतकं सुरळीत झालं तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

ताईच्या गटात सगळे हात वर गेले. सगळे! आमच्याकडे हे आजवर झालेलं नाही. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "नीट मोजलेस ना?"

गप्पांच्या दिवशी ताई ठरल्या वेळेच्या आधीच येऊन बसली होती. इस्त्रीची साडी, हातात घड्याळ, समोर पाण्याचा पेला. मुलं आली. दुसरा गटही आला, कारण बिस्किटं दोन्ही गटांना असतात. बाइंडरकाका दाराशी उभे राहिले. पुस्तक कसं वापरलं गेलंय हे बघायला ते दरवर्षी येतात.

पहिला प्रश्न अर्थातच बडबड्याचा. हा ताईच्या गटातला, वाचनालयात बोलू नये हे ज्याला सांगून सांगून माझा घसा बसला तो.

"बाई, ती पाणबुडी तुम्हाला सुचली कशी?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी ताईकडे. आमच्या घराण्यात कुणी पोहायलासुद्धा शिकलेलं नाही.

"कुठली पाणबुडी?" ताईने विचारलं.

"भारी!" बडबड्या मागे वळून आपल्या गटाला म्हणाला. "सांगतच नाहीयेत." मग पुन्हा पुढे. "म्हणजे बघा, ती मुलगी इतकी शहाणी. वर्ग झाडते, फळा पुसते, नखं कापते. शहाण्णव पानं नुसती चांगलीच वागते. आम्ही म्हटलं, संपलं, मेलो आता. आणि मग ती कचऱ्याची टोपली उचलते आणि पान उलटलं की एकदम समुद्राचा तळ! वाक्यसुद्धा मोडत नाही. 'तिने टोपली उचलली आणि', पुढच्या पानावर, 'काचेतून खाली पाहिलं तर समुद्राचा तळ दिसत होता.' मी तर उठून उभाच राहिलो."

"नावसुद्धा बदलते ती," त्याच्या शेजारची म्हणाली. "बरोबरच आहे. पाणबुडीत चोरून शिरल्यावर खरं नाव कोण सांगतं?"

ताईने समोरची प्रत उचलली. सत्त्याण्णवावं पान उघडलं, वाचलं, आणि दोन पानं पुढे जाऊन पुन्हा वाचलं. तोंडावरची रेषही हलली नाही. तपासणीला साहेब आले की तिचा चेहरा असाच व्हायचा.

"बाई, ती पहिली पानं तुम्ही मुद्दाम इतकी कंटाळवाणी लिहिलीत ना?" बडबड्याने विचारलं. "म्हणजे ती पळून गेली हे आम्हाला पटावं म्हणून?"

खोलीत बिस्किटांचा आवाज थांबला. ताईने पुस्तक मिटलं.

"हो," ती म्हणाली. "मुद्दाम."

मी खुर्ची घट्ट धरली. माझी ताई खोटं बोलली! जी बस चुकली तरी 'उशीर झाला' म्हणत नाही, 'मी उशीर केला' म्हणते, ती ताई. पोरांनी टाळ्या पिटल्या. कुणी म्हणालं, मी दोनदा वाचली. कुणी म्हणालं, मी जेवताना वाचली म्हणून आईने ओरडा दिला. ताईचे गाल लाल झाले होते. तिच्या लग्नातही मी ते लाल झालेले पाहिले नव्हते.

मी हळूच दुसऱ्या गटाच्या टेबलावरची कादंबरी ओढली. ती कुणा जहाजावर नोकरी केलेल्या गृहस्थांनी लिहिलेली. पाणबुडी, कप्तान, चोरून शिरलेली मुलगी, सगळं जिथल्या तिथे. शहाण्णवाव्या पानाच्या तळाशी 'कप्तानाने झडप उघडली आणि', पुढच्या पानावर, 'वर्ग रिकामा होता.'

पुस्तक हातात घेऊन मी दाराशी गेले. काकांनी एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि अंगठा शिवणीवरून फिरवला.

"शिवण चांगली बसलीय," ते म्हणाले.

"काका, अर्धं पुस्तक दुसऱ्याचं आहे!"

"आकार एकच होता हो. पहिल्या सहा फर्म्यांचा गठ्ठा इकडे, बाकीच्यांचा तिकडे. तुम्हाला घाई होती."

त्यांच्यावर चिडून काय करणार? चूक माझीही नव्हती, त्यांचीही धड नव्हती, आणि दोघांनाही ते पुस्तक वाचायची बंदी मीच घातलेली. मी जागेवर येऊन बसले. उठून सांगायला हवं होतं. पण ते लाल गाल समोर होते. म्हटलं, जाऊ दे, घरी जाईपर्यंत तरी तिला हे राहू दे.

तेवढ्यात दुसऱ्या गटातून हात वर आला. तक्रारबाई. ही मुलगी पुस्तक परत करताना माझ्यासमोर उभी राहून त्यातल्या चुका सांगते आणि मी ऐकल्याशिवाय हलत नाही.

"माझी तक्रार आहे," ती म्हणाली. "आमच्या लेखकाला का नाही बोलावलं?"

"तुमच्या गटात हात कमी होते," मी म्हणाले.

"कारण बाकीच्यांना मारामारी हवी होती. आमचं पुस्तक पाणबुडीने सुरू होतं, ती नुसती धावाधाव आहे, त्यात काही नाही. पण कप्तान झडप उघडतो, पाणी आत येतं आणि ते सगळे मरतात. तसं लिहिलेलं नाही, पण मरतात. आणि मग दुसऱ्याच एका मुलीची गोष्ट सुरू होते. ती मी तीनदा वाचली."

ताईचा पेला तोंडापर्यंत गेला होता. तो तिथेच थांबला.

"काय होतं त्यात?" ताईने विचारलं. आवाज अगदी लहान. असला आवाज तिच्याकडे आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"तिची आई गेलेली असते. शाळा सुटली की ती घरी जात नाही, रिकाम्या वर्गात बसते. काहीच करत नाही, नुसती बाकावर बसते. शिपाई झाडायला आला की पाय वर घेते. घरी सांगते, शाळेत जादा तास असतात. कारण घरी गेलं की तिला आई व्हावं लागतं. स्वयंपाक, कपडे, धाकट्या बहिणीची वेणी. वर्गात बसली की तेवढा वेळ ती मुलगी असते." तक्रारबाईने नाक ओढलं आणि रागाने ते पुसलं. "माझ्या घरी पण असंच आहे. मी इथे येऊन बसते. मला त्या लेखकाला विचारायचंय की हे त्यांना कसं कळलं. आणि तुम्ही बोलावलंत यांना."

मी ताईकडे पाहू शकले नाही. जादा तास! ताईचे जादा तास मला पाठ होते. गणिताचे एवढे, विज्ञानाचे एवढे, वर्षभर, सुट्टीच्या आदल्या दिवशीसुद्धा. शेजारच्या काकू म्हणायच्या, किती अभ्यासू आहे तुझी ताई. मी खिडकीच्या गजांना धरून उभी असायची आणि मला तिचा अभिमान वाटायचा.

ताई उठली. "खाली बसा," ती म्हणाली. सगळे बसलेलेच होते, तरी आणखी ताठ बसले.

"मी मघाशी तुमच्याशी खोटं बोलले. पाणबुडी माझी नाही. बांधताना पुस्तकांची अदलाबदल झाली. ती दुसऱ्या लेखकाची आहे. तुम्ही इतकं छान बोलत होतात की मला ती सोडवेना. हे चूक आहे. मी तुमची क्षमा मागते."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. एका मुख्याध्यापिकेने क्षमा मागितली की काय करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी बडबड्याच बोलला.

"मग ती नखं कापण्याची पानं?"

"ती माझी."

"मुद्दाम कंटाळवाणी?"

"नाही. मला ती आवडली होती."

"आणि वर्ग?" तक्रारबाई उभी राहिली होती. "तो रिकामा वर्ग?"

"तोही माझा," ताई म्हणाली.

तक्रारबाई पुढे आली आणि थेट ताईच्या समोरच्या खुर्चीत बसली. तिथे बसायचं नसतं, ती पाहुण्यांची जागा. मी तिला उठवलं नाही.

"मग मला सांगा," ती म्हणाली, "ती धाकटी रोज खिडकीत उभी राहून वाट बघते. मोठीला ते माहीत असतं?"

"असतं."

"तरी बसते?"

"तरी बसते," ताई म्हणाली. "आणि रोज लाज वाटते."

"धाकटीला कधी कळतं का? पुस्तकात नाहीये ते. कळल्यावर तिला राग येतो का?"

ताई माझ्याकडे बघत होती. हळूहळू पोरंही वळली. तेवढी हुशार आहेत ती, मीच त्यांना वाचायला लावलंय. मला राग आला होता, का नाही येणार? भूक लागायची मला त्या खिडकीत. आणि त्या रागाच्या वर रडू आलं होतं, कारण मला एकदम तिचं तेव्हाचं वय आठवलं. समोर बसलेल्या या तक्रारबाईएवढीच होती की ती!

"येतो राग," मी म्हणाले. "पण तिला तेव्हाच कळलं असतं ना, तर ती म्हणाली असती, बस गं ताई, अजून थोडा वेळ बस."

ताईने चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होती. मग मान वर न करताच पोरांना म्हणाली, "तिच्याकडे काय बघताय? पुढचा प्रश्न."