मालकिणीचं तळं

तळ्यावरच्या त्या हंसिणीला सगळे मालकीण म्हणायचे. हे नाव डॉक्टरीणबाईंच्या बाबांनी ठेवलेलं. तिचा तोराच तसा होता. काठावर कुणी डबा उघडला की ही पाण्याबाहेर येणार, मान ताठ करून समोर उभी राहणार आणि थकलेलं भाडं मागायला आल्यासारखी बघत राहणार. बाबा गळ टाकायला बसले की आधी दोन टाळ्या वाजवायचे. टाळी ऐकली की मालकीण आणि तिचा नवरा असतील तिथून पावाच्या तुकड्यांसाठी धावायचे. नवऱ्याला मात्र कुणी नाव ठेवलं नव्हतं. तो आपला तिच्या मागे मागे असायचा.

अशी ही मालकीण एके दिवशी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आली, ती मान टाकूनच. पंख लोंबलेले, पायात जोर नाही, विष्ठा हिरवीगार. बाईंचा दवाखाना रानपाखरांचा. असले पेशंट त्यांनी इतके पाहिले होते की एक्स-रे काढायच्या आधीच त्यांना कळलं, हे शिशाचं विष. पक्ष्यांना दात नसतात. तळाशी पडलेले बारीक खडे ते गिळतात, आणि पोटातली जाड पिशवी त्या खड्यांनी खाल्लेलं भरडते. गळ बुडावा म्हणून दोरीला बांधलेली शिशाची गोळी तुटून तळाशी पडली असेल तर तीही खडा म्हणून गिळली जाते, झिजते आणि रक्तात उतरते. मग पोट चालेनासं होतं. भरल्या पोटी पक्षी उपाशी मरतो.

मालकिणीच्या पोटात तेव्हा एकच गोळी होती. बाईंनी नळीने पोट धुऊन ती काढली, रक्तातलं शिसं उतरवायची इंजेक्शनं दिली, घास घास भरवला. एवढं करूनही मालकिणीने त्यांना चार वेळा चावून घेतलं, म्हणजे ती बरी होत होती. तिला तळ्यात सोडलं तेव्हा नवरा पाणी कापत असा आला की बाईंना डोळे पुसावे लागले.

त्याच संध्याकाळी बाई घरी आल्या, तर बाबा स्वयंपाकघरात जुन्या पळीत शिसं वितळवत बसलेले! गळाला बांधायच्या गोळ्या ते घरीच ओतायचे, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. बाईंचा पारा चढला.

"बाबा, याच शेगडीवर तुमच्या नातीचं दूध तापतं! हे विष आजच्या आज घराबाहेर गेलं पाहिजे."

बाबा म्हणजे जन्मात कुणाचं न ऐकलेला माणूस. पण नातीचं नाव काढलं की सुतासारखे सरळ. दुसऱ्या दिवशी गोळ्यांचा डबा रिकामा, घासूनपुसून ओट्यावर पालथा घातलेला होता. साचाही गेला होता. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी वडिलांना चहा करून दिला. गोळ्या कुठे टाकल्या, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

पानं गळायला लागली तेव्हा मालकीण परत आली.

या वेळी एक्स-रेत एकच गोळी नव्हती. शर्टाची बटणं सांडावीत तशा कितीतरी होत्या. बाईंनी फोटो उजेडासमोर धरला. नव्या गोळ्या अजून फारशा झिजल्या नव्हत्या. प्रत्येकीला एक बारीकशी शेपटी होती. बाबांच्या साच्याचं तोंड एका बाजूला फुटलेलं होतं, त्यामुळे त्यांची प्रत्येक गोळी अशीच शेपटीची निघायची. लहानपणी बाई त्यांना उंदीर म्हणत त्यांच्याशी खेळायच्या.

"बाबा, त्या गोळ्या कुठे टाकल्या होत्या?" घरी आल्या आल्या त्यांनी विचारलं.

"तळ्यात." बाबांनी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा काढलं नाही. "कचऱ्यात टाकल्या असत्या तर कुणाच्या पोराने उचलून तोंडात घातल्या असत्या. पलीकडच्या बाजूला गवतात उथळ पाणी आहे ना, तिथे कुणी फिरकत नाही. अख्खा डबा नीट पसरून टाकला, ढीग दिसायला नको म्हणून. का गं?"

तिथे कुणी फिरकत नाही म्हणूनच मालकिणीचं घरटं तिथे होतं. बाईंनी पिशवीतून एक्स-रे काढून बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी चष्मा चढवला, बोट एकेका शेपटीवरून फिरवलं आणि चष्मा काढून ठेवला.

"वाचेल ना?"

"पोट धुतलंय. इंजेक्शनं चालू आहेत. पण शिसं हाडांपर्यंत गेलंय, बाबा. तिथे माझा हात पोचत नाही."

मालकीण दोन दिवस टिकली. शेवटी शेवटी ती चावतही नव्हती. तळहातावर चोच ठेवून पडून राहायची. बाईंना त्याचंच जास्त रडू आलं.

घरी आल्या तर बाबा नव्हते आणि स्वयंपाकघरातली चाळणीही नव्हती. बाई तशाच तळ्याकडे धावल्या. पलीकडच्या गवतात बाबा गुडघाभर पाण्यात वाकून उभे होते. चाळणीने गाळ उपसत होते, खळबळून पाहत होते, पुन्हा उपसत होते. काठावर रुमालात जे निवडून ठेवलं होतं, त्यात शेपटीच्या गोळ्या थोड्या आणि खडेच जास्त.

"बाबा, बाहेर या. गाळात केव्हाच खाली गेल्या असतील त्या."

"ओलं असलं की खडा कुठला नि शिसं कुठलं, कळतच नाही गं." बाबांनी चाळणी पुढे केली. "मी ओतलेल्या मला ओळखू येईनात. तिला काय कळणार होतं?" मग हळूच म्हणाले, "कशी आहे ती?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

गवतापलीकडे मालकिणीचा नवरा एकटाच होता. मान पाण्यात बुडवून तो तळाशी चरत होता. मान वर आली, चोचीतून गाळ ओघळला, आणि पुन्हा खाली गेली.

"हाकल त्याला! अगं, हाकल!" बाबा ओरडले.

बाई चपलांसकट पाण्यात शिरल्या. हातात दगड नव्हता, काठी नव्हती. काय करावं ते न सुचून त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

नवऱ्याने मान वर केली, आणि पावाच्या आशेने पाणी कापत तो थेट त्यांच्याकडे आला.