भिंतीवरचा लझर

आमच्या गफ्सा गावात बायका लोकरीच्या पांघरुणांवर उंट विणतात, मासे विणतात, नवरानवरीसुद्धा विणतात. माणूस म्हणजे एक त्रिकोण, त्यावर चौकोनी डोकं. त्याला कुणी चित्र म्हणत नाही, नक्षी म्हणतात. मीही जन्मभर तेच विणलं. पण माझा लेक लझर खाणीत दबून गेला, त्यानंतर जे विणलं त्याला डोळे आले. कपाळावर खाणीतला दिवा आला. त्याची मिशी डावीकडे जरा विरळ होती, तीही तशीच उतरली.

ते मी भिंतीवर टांगलं. सकाळी त्याला सलाम करायची, मग दोन शब्द बोलायची. सोमवार-गुरुवारचा रोजा सोडताना खजूर आधी त्याच्यासमोर धरायची.

सून सालिहा एकदा हळूच म्हणाली, "उम्मी, हल्ली नमाजाला तुम्ही त्या भिंतीकडे सरकता."

खरंच होतं. चित्राच्या घरात फरिश्ते येत नाहीत, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी लेकासाठी दुआ मागावी आणि फरिश्ते उंबऱ्यावरूनच परत फिरावेत? माझा जीव थाऱ्यावर राहिना.

मशिदीतल्या बिलगासिमना बोलावलं; आम्ही त्यांना मानानं 'सी बिलगासिम' म्हणतो. लझरला कुराण त्यांनीच शिकवलेलं. ते भिंतीजवळ गेले.

"मिशी हुबेहूब आहे," म्हणाले.

"सी बिलगासिम, इतकी वर्षं माणसं विणली. कुणी हटकलं नाही."

"कोण हटकणार? तुझेच उंट पांघरून मी थंडी काढतो. अंगाखाली, पायाखाली असेल तर आपल्या इमामांनी चालवून घेतलंय. भिंतीवर चढवून मान दिला की गोष्ट बदलते. दोष लोकरीत नाही, फत्तूमा."

"म्हणजे लेकाला तुडवू?"

"नाहीतर मानेचे धागे काढ. डोकं वेगळं झालं की तो माणूस राहत नाही, झाडासारखा होतो; झाडाला मनाई नाही."

"खाणीतून आणला तेव्हा त्याची मान पाहिलीय मी. पुन्हा नको."

त्यांनी नजर खाली घातली. "मग अंथर. सोपं आहे असं मी म्हणत नाही."

अंथरलं. पण पाय कुणाचा पडेना. शेजारची मन्नूबिया टोमणा मारून गेली, "घरात विहीर खणलीय का गं? सगळ्या काठाकाठानं चालताय."

पाय पडला तो नातीचा. बाप गेला तेव्हा ती पोटात होती. रांगत आली, त्याच्या छातीवर बसली आणि तिथंच ओलं करून ठेवलं. सालिहा धावली, अर्ध्यात थांबली, आणि हसली. लझर गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मीही पाय ठेवला. अनवाणी, बिस्मिल्ला म्हणून.

आता नात पळते. तिच्या पायांनी आधी मिशी गेली, मग एक डोळा पुसट झाला. परवा मी सुईत काळी लोकर ओवून बसले. चार धाग्यांचं काम होतं. हात तिथवर नेला आणि वाटलं, झिजतोय म्हणूनच तर त्याला या घरात राहायची मुभा आहे.

मी लोकर सुईतून ओढून घेतली. नात त्याच्या खांद्यावर पाय देत दाराकडे पळाली. अजान झाली होती. मी नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजूला उठले.