माझी झडती कोणी घेतली नाही

मित्रांनो, त्या रविवारी सकाळी उपासना सुरू व्हायच्या आधी ग्लेनिसबाई चर्चमधून जवळजवळ पळतच बाहेर आल्या. "वेदीवरचा एक स्टँड गेला," त्या म्हणाल्या.

मेणबत्तीचे दोन पितळी स्टँड होते, हातभर उंच, जुने, काळवंडलेले. आता एकच उरला होता. चर्चच्या मागच्या गवतावर आम्ही चार गाड्या उभ्या होतो. गाड्यांमधली माणसे चहाचे मग हातात धरून एकमेकांकडे बघत राहिली. आदल्या दिवशी हीच माणसे एका शिडीवर पाळीपाळीने चढली होती.

त्या चार गाड्यांपैकी मी एक. मी जुनी मोटरहोम आहे. आत दोन बिछाने, गॅसची शेगडी, लहान फ्रिज आणि बसायच्या बाकाखाली सामानाचा कप्पा. यॉर्कशरमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पहिल्या मालकाने मला दोन उन्हाळे समुद्रावर नेले आणि मग ताडपत्री घालून विसरून गेला. तिथून मला पुरुषोत्तम आणि यमुनाबाईंनी आणले.

दोघे मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, आता लंडनमधल्या एजवेअरचे. पुरुषोत्तम हॉस्पिटलात इलेक्ट्रिशियन होते, यमुनाबाई मिरजेला शिकलेल्या नर्स. रिटायर झाल्यावर ओळखीची माणसे क्रूझवर गेली. हे दोघे मला घेऊन निवृत्त लोकांच्या एका गटात सामील झाले. हा गट गावोगावच्या लहान चर्चमध्ये जातो. कुठे छप्पर गळते, कुठे वायरिंग जुने झालेले असते. दोन आठवडे मागे गाड्या लावून राहायचे आणि काम करायचे. पगार नाही. विजेचे एक कनेक्शन आणि रविवारचे जेवण मिळते.

गटात डेरिक नावाचा प्लंबर होता. त्याची आणि पुरुषोत्तमची जोडी जमली होती.

"पुरू, तुझ्या वायरींपेक्षा माझे पाइप सरळ असतात," डेरिक म्हणायचा.

"सरळ असतात रे, पण गळतात!"

यावर यमुनाबाई मोठ्याने हसायच्या आणि डेरिकच्या ताटात आणखी एक बांगडा वाढायच्या. डेरिकला एकच नाद होता. उपासना झाली की तो कार बूट सेलला जायचा आणि लोकांनी विकायला मांडलेल्या अडगळीतून जुन्या पितळी वस्तू शोधून आणायचा. तेव्हा या गोष्टीचे सगळ्यांना हसू यायचे.

आता त्या शनिवारची गोष्ट. नॉरफोकमधल्या त्या खेड्यात आमचे काम संपत आले होते. संध्याकाळी यमुनाबाई ॲप्रनमध्ये काहीतरी गुंडाळून आत आल्या. त्यांनी चिंच भिजवली, मीठ घेतले, पाठमोऱ्या उभ्या राहून बराच वेळ काहीतरी चोळले. मग एक टॉवेलचे बोचके टबात घालून बाकाखालच्या कप्प्यात सरकवले. मी लक्ष दिले नाही. त्यांच्या आमटीमुळे चिंचेचा वास माझ्यात रोजचाच होता. माझ्या पोटात डबे येतात, पिशव्या येतात, आत काय आहे ते मला कोणी दाखवत नाही.

थोड्या वेळाने त्या बाकावर बसल्या. "अहो, डोकं फार दुखतंय हो," एवढेच म्हणाल्या. ॲम्ब्युलन्स आली. पुरुषोत्तम त्यांच्याबरोबर गेले. मला कुलूप लावायचे राहूनच गेले.

म्हणून रविवारी स्टँड गेल्याचे कळले, तेव्हा माझी माणसे तिथे नव्हती. ग्लेनिसबाई गटाच्या प्रमुख. त्यांनी सगळ्यांना आपापले कप्पे उघडायला सांगितले. डेरिकने सगळ्यात आधी उघडला. "बघा, नीट बघा," तो म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते. मग ग्लेनिसबाई माझ्याकडे आल्या. हँडलवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"ही नको. यमुना तिकडे हॉस्पिटलमध्ये, आणि आपण तिची गाडी उपसायची? बरं दिसत नाही."

त्याच आठवड्यात यमुनाबाई गेल्या. पुरुषोत्तमला त्यांची मुलगी मीनल घेऊन गेली. मला एजवेअरला पोचवायला डेरिक आला. मला त्याचे लक्षण ठीक वाटले नाही. निघण्याआधी तो माझ्याखाली आडवा पडून खुडबुडला. वाटेत मोटरवेवर थांबून त्याने माझे मागचे दार उघडले, एक पिशवी भरली आणि ती घेऊन कुठेतरी गेला. परत आला तेव्हा हात रिकामे होते. मी मनात नोंद ठेवली.

पुरुषोत्तमनीही ठेवली. अंत्यविधीनंतर ते माझ्यात डोकावले, तर डबे हललेले, फ्रिज रिकामा.

"माझ्या गाडीत हात घातलाय त्यानं," ते म्हणाले.

"बाबा, डोन्ट बी सिली. डेरिक अंकल असं नाही करणार," मीनल म्हणाली.

"मग स्टँड गेला कुठं? दर रविवारी जुनं पितळ कोण हुडकत असतं?"

त्यांनी हेच ग्लेनिसबाईंना फोनवर सांगितले. बाईंनी कोणाला काही बोलून दाखवले नाही. फक्त पुढच्या कामाला डेरिकला बोलावले नाही, आणि त्याच्या पुढच्या कामालाही नाही. डेरिकला समजायचे ते समजले. त्याने पुरुषोत्तमला दोनदा फोन केला. त्यांनी तो उचलला नाही. मला तेव्हा ते योग्य वाटले.

मग दोन वर्षे मी घरासमोर उभी राहिले. माझ्यावर शेवाळ चढले, चाके बसली. पुरुषोत्तम रोज माझ्यावरून नजर फिरवायचे, दार मात्र उघडायचे नाहीत. शेवटी मीनलच चिडली.

"बाबा, ती किल्ली द्या बरं. विकायची असेल तर क्लिअर आउट करायला लागेल ना?"

तिने कप्पा उघडला. "ई! बाबा, हा कसला वास आहे? चिंच?"

टॉवेल कडक झाला होता. आत स्टँड होता, हिरवा थर चढलेला. पुरुषोत्तम तो मांडीवर घेऊन बाकावर बसले. मग हळूच म्हणाले, "घासायला आणला होता गं तिनं. रविवारी चकचकीत करून ठेवणार होती."

मीनल रडत होती. पुरुषोत्तमची नजर समोर फ्रिजवर गेली. फ्रिजचे दार बंद होऊ नये म्हणून त्यात प्लंबरचा एक हातमोजा अडकवलेला होता. म्हणून आत बुरशी नव्हती. पिशवीत काय गेले, ते त्यांना तेव्हा कळले आणि मलाही. दूध आणि बांगडे. मग ते गुडघे टेकून माझ्याखाली वाकले. पाण्याच्या टाकीची चावी उघडून सगळे पाणी सोडलेले होते. दोन हिवाळे गेले, माझा एकही पाइप फुटला नव्हता.

"कॉल हिम, बाबा," मीनल म्हणाली.

"काय सांगू? तू माझ्या घरचं सगळं सांभाळलंस आणि मी तुला चोर ठरवलं, हे?"

"हो. एक्झॅक्टली ते."

पुरुषोत्तमनी स्टँड चिंच-मीठ लावून स्वतः घासला. एका बाजूचे डाग गेले नाहीत. ग्लेनिसबाईंना त्यांनी खरे काय ते कळवले. "डेरिकला मी सांगू का?" असे बाईंनी विचारले. "नको," पुरुषोत्तम म्हणाले, "ते माझं काम आहे."

मला विकायचे रद्द झाले. नवी चाके आली, नवी बॅटरी आली.

मित्रांनो, घरी माझ्यासारखी गाडी असेल तर थंडीआधी तिचे पाणी काढा, फ्रिजचे दार उघडे ठेवा, अधूनमधून चाके फिरवा. आणि कधी झडती घ्यायची वेळ आलीच, तर ज्या दाराला हात लावायला मन होत नाही, ते दार आधी उघडा. आतला माणूस वाईट निघेल म्हणून नव्हे. बाहेर कोणी उगाच चोर ठरू नये म्हणून.

डेरिकचे घर ल्यूटनला आहे, इथून फार लांब नाही. स्टँड माझ्या पुढच्या सीटवर, यमुनाबाईंच्या जागी, पट्टा लावून ठेवला आहे. त्याच्या शेजारी तो हातमोजा आहे. गेले तीन रविवार पुरुषोत्तम चर्चहून येतात, माझ्यात बसतात, इंजिन सुरू करतात, थोडा वेळ तसेच बसतात आणि बंद करतात.

डेरिकला अजून काहीच सांगितलेले नाही.